गुलमर्गचा स्वस्त आठवडा: पहिल्यांदाच स्कीइंगला गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

चौघांचं कुटुंब. आई-बाबा चाळिशीच्या उंबरठ्यावर, बारा वर्षांची लेक आणि तिचा अठ्ठावीस वर्षांचा मामा. स्कीवर आजवर कुणीच उभं राहिलेलं नव्हतं. मामाने सह्याद्री पालथा घातलेला, बाबांचा व्यायाम रोजच्या चालण्यापुरता. आल्प्सचा विचार व्हिसा आणि विमानभाड्यापाशीच थांबला आणि जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यासाठी त्यांनी गुलमर्ग ठरवलं. आईची आणि माझी जुनी ओळख. त्या हिवाळ्यात मी बराच काळ तिथेच होते, त्यामुळे सगळं जवळून पाहायला मिळालं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नावं मुद्दाम टाळली आहेत.

स्वस्त स्की रिसॉर्टबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एक म्हणतात, बर्फ तो बर्फ, जास्त पैसे कशाला मोजायचे? दुसरे म्हणतात, तिकडे जाणं म्हणजे हातपाय मोडून घेणं. माझं मत वेगळं आहे. महागड्या रिसॉर्टच्या तिकिटात डोंगराचे पैसे फार थोडे असतात. बरेचसे पैसे जातात ते त्या डोंगरावर रात्रंदिवस चालणाऱ्या कामाचे: यंत्राने बर्फ सपाट करणं, बर्फ कमी पडला तर तोफांनी कृत्रिम बर्फ उडवणं, उतारांवर अवघडपणाप्रमाणे रंगीत खुणा लावणं, हिमस्खलनाचा धोका तपासणं, जखमी माणसाला खाली आणणं. स्वस्त ठिकाणी यातलं बरंच काम होत नाही किंवा थोड्याच भागात होतं. उरलेलं पाहुण्याच्या अंगावर येतं. या कुटुंबाच्या वाट्याला त्यातलं काय काय आलं, ते पुढे सांगते.

तारीख

काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या हवामान प्रणालींवर अवलंबून असतो. २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतचे ४० दिवस म्हणजे चिल्लई कलान, सर्वांत कडाक्याची थंडी. त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा. पर्यटक बुकिंग करतात ते हा हिशेब धरूनच. जानेवारी २०२४ मात्र जवळजवळ कोरडा गेला. थंडी होती, पण बर्फ नव्हता. जिथे एरवी कमरेइतका बर्फ असतो, तिथे पिवळं वाळलेलं गवत दिसत होतं. कृत्रिम बर्फावर हंगाम तगवून धरण्याची सोय गुलमर्गला नाही, त्यामुळे वरून पडला नाही तर स्कीइंगही नाही.

हॉटेलवाला फोनवर म्हणत होता, “आप आ जाइए, गिर जाएगी.” तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तशी आशा होती. पण आशेवर चौघांची रजा पणाला लावणं आईला पटेना. तिने रोज दोन गोष्टी बघायला सुरुवात केली: हवामान खात्याचा श्रीनगरचा अंदाज आणि गुलमर्गचे त्याच दिवशीचे फोटो. हॉटेलच्या जाहिरातीतले फोटो तिने मोजलेच नाहीत. प्रवासाला आठवडा उरला असताना त्यांनी तारखा फेब्रुवारीत ढकलल्या. विमान कंपनीने बदलाचे पैसे घेतले. हॉटेलवाल्याने एक रुपयाही न घेता खोल्या पुढे सरकवल्या, कारण त्या आठवड्यात त्याची बाकीची बुकिंगं रद्दच होत होती. जानेवारी संपता संपता जोरदार बर्फ पडला आणि उतार पांढरे झाले.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. स्वस्त ठिकाणी आगाऊ पैसे देऊन मिळणारी सवलत खरं तर महाग पडते. ती तुम्हाला तारखेला बांधून टाकते आणि बर्फ तारखा पाळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पासुद्धा मार्चवर ढकलावा लागला होता.

मुक्काम

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्ग या पायथ्याच्या गावापासूनचा घाट. ताजा बर्फ असला की या घाटात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच लागतात, त्यामुळे श्रीनगरहून आलेली साधी टॅक्सी बहुधा टंगमर्गला सोडावी लागते. टंगमर्गमध्ये खोल्या बऱ्याच स्वस्त. बाबांचा कल तिकडे होता. पण रोज सकाळ-संध्याकाळ चार माणसांची त्या घाटातून ने-आण, वर रस्ता बंद झाला तर वाया जाणारा दिवस, हे धरल्यावर वाचणारे पैसे फारसे उरत नव्हते. शेवटी त्यांनी वर गुलमर्गमध्येच एक लहानसं हॉटेल घेतलं.

तिथे काय मिळालं? खोलीत बुखारी, म्हणजे लाकूड जाळून ऊब देणारी शेगडी, पलंगावर विजेची गादी, जाड रजया. नळ सकाळी गोठलेले, म्हणून गरम पाणी बादलीने, सांगितल्यावर. वीज येऊन-जाऊन. जेवणाला राजमा-भात, रोटी, कधी रोगन जोश, आणि दिवसभर कहवा. लेकीला हे सगळं फार आवडलं. आईला पहिल्या रात्री कठीण गेलं, मग सवय झाली. आधीच सांगून ठेवावं अशा दोन गोष्टी. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात; निदान एक तरी पोस्टपेड सोबत हवं. आणि बंद खोलीत रात्रभर पेटती बुखारी ठेवून झोपू नये. धूर बाहेर नेणारी नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. खिडकीची फट उघडी ठेवावी आणि झोपण्याआधी विस्तव विझू द्यावा. हॉटेलच्या मुलाने हे आपणहून सांगितलं याचं मला बरं वाटलं.

बूट

बुटांबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण स्वस्त ठिकाणी नवशिक्याचा आठवडा बनतो किंवा बिघडतो तो भाड्याच्या दुकानात.

दुकान म्हणजे लांबट अंधारी खोली. भिंतीला टेकवलेल्या स्की, जमिनीवर बुटांचे ढीग. दुकानदार पायाचा नंबर विचारतो आणि त्याहून एक मोठा बूट पुढे करतो, कारण मोठा बूट घालायला सोपा जातो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. तक्रार येते ती उतारावर. आत टाच उचलली जाते, पाऊल सरकतं, माणूस डावीकडे वळायला बघतो आणि स्की सरळच जाते. मग त्याला वाटतं, आपल्याला जमत नाही.

आईसाठी आम्ही हे शांतपणे केलं. बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून घेतलं, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवली. टाचेमागे जेमतेम दीड बोटाची जागा राहिली. तीन-चार बोटं राहिली असती तर तो बूट मोठा. मग अस्तर परत घालून, एकच पातळ मोजा चढवून बक्कल लावले. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी लागत होती, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरली आणि नडगी बुटाच्या जिभेला सपाट टेकली. बरोबर हेच हवं होतं. तिने घरून लोकरीचे दोन जाड जोड आणले होते, ते बाजूला ठेवले. दोन मोज्यांनी पाय गार पडतो, कारण घट्टपणामुळे रक्ताभिसरण अडतं. चौथा जोड तिला बसला. दुकानदार वैतागला नाही, उलट पाचवाही काढून ठेवला.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी खटकी. ती किती जोराला सुटावी याचा आकडा पुढच्या आणि मागच्या भागावरच्या छोट्या खिडकीत दिसतो. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करणाऱ्याचं कसब यांवरून. तळाची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. चांगल्या दुकानात हे सगळं विचारून तक्त्यावरून आकडा लावतात. इथे विचारलं कुणीच नाही. आम्ही विचारलं तेव्हा दुकानदाराने तक्ता शोधून काढला, पेचकस घेतला आणि चारही जोड्या नीट लावून दिल्या. तक्ता होता, पेचकस होता, ज्ञानही होतं, फक्त मागणारं कुणी नव्हतं. मागायला लाजू नका.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पुरते. कडांवर थोडा गंज असला तर चालतो. कड तुटलेली किंवा तळाला आतलं लाकूड दिसेल इतकी खोल चीर असेल तर जोडी बदलून घ्यावी. हेल्मेट घरून आणावं किंवा भाड्याने घ्यावंच.

शिक्षक

गुलमर्गमध्ये उतरल्या उतरल्या दहा जण विचारतात: स्की, स्लेज, गाइड? यांतले बरेच जण टंगमर्गच्या आसपासच्या गावांतले, लहानपणापासून बर्फावर वाढलेले. बीजिंग २०२२ हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच भागातला. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. कसब इथे आहे, याबद्दल शंकाच नको. प्रश्न असतो तो शिकवता येण्याचा, आणि ते वेगळं कौशल्य. कुटुंबाने सरकारी नोंदणी असलेला शिक्षक घेतला, पहिल्या दिवसापुरताच, आणि पटल्यावर पुढे चालू ठेवला. दर, वेळ आणि भाड्याचं सामान त्यात धरलंय का, हे बर्फावर पाऊल ठेवण्याआधी बोलून घेतलं होतं.

सपाट मैदानालगतचे बाळउतार म्हणजे शिकण्याची जागा. ते गर्दीचे, स्लेजवाल्यांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी भरलेले. दोर धरून वर ओढून नेणारी लिफ्ट कधी चालू, कधी बंद. ती बंद असली की स्की आडव्या ठेवून एकेक पाऊल वर चढायचं. पहिली सकाळ त्यातच गेली: आडवं चढणं, पडणं, उठणं, पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून ब्रेक लावणं. शिक्षक पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “घुटना मोड़ो, नीचे नहीं, सामने देखो.” दुपारपर्यंत बाबा घामाने निथळत होते आणि मामाच्या चेहऱ्यावर कंटाळा होता.

लेक मात्र चटकन शिकली. लहान मुलं स्कीच्या पुढच्या टोकांकडे बघत बसत नाहीत, ती जिथे जायचं तिकडे बघतात. तिसऱ्या दिवशी ती मोठ्यांसाठी थांबून कंटाळू लागली. मग शिक्षकाने त्याच्या भावाला बोलावलं आणि लेकीला वेगळा शिक्षक मिळाला. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. तरी आईने क्षणात होकार दिला आणि माझ्या मते त्या आठवड्यात सर्वांत चांगला लागलेला पैसा तोच.

ज्यांना रजा जास्त मिळते त्यांनी गुलमर्गमधल्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेचा निवासी वर्ग नक्की बघावा. ती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे. शिस्त कडक, पण शिकणं पक्कं होतं. जागा मात्र लवकर भरतात.

गंडोला आणि मामा

गुलमर्गची ख्याती गंडोलामुळे, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या रोपवेमुळे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो साधारण २,६५० मीटरवरून कोंगदूरीला, तीन हजार मीटरच्या थोडं वर नेतो. दुसरा टप्पा २००५ चा. तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. इतक्या कमी पैशांत इतक्या उंचीवर स्की घेऊन पोचवणाऱ्या जागा जगात फार थोड्या, म्हणून देशोदेशीचे कसलेले स्कीवाले इथे येतात.

मामाला पहिल्या दिवसापासून दुसरा टप्पा गाठायचा होता. चौथ्या दिवशी तो बाळउतारावर न पडता वळू लागला होता आणि वर गेलेल्यांचे व्हिडिओ बघून त्याला राहवेना. शिक्षकाने नाही म्हटलं. मामाने दुसरा गाइड बघितला, तो तयार होता. त्या संध्याकाळी बुखारीपाशी आईने भावाला नीट समजावलं आणि मीही काही गोष्टी सांगितल्या.

वरचा उतार यंत्राने सपाट केलेला नसतो. कधी मांडीभर भुसभुशीत बर्फ, कधी वाऱ्याने कडक झालेलं कवच; बाळउतारावर शिकलेला ब्रेक दोन्हीकडे कुचकामी. गंडोलाखालच्या पट्ट्यावर बचाव पथकाचं लक्ष असतं, त्या पट्ट्याच्या बाहेर मात्र तुमचे तुम्हीच. तिथे कसलेले लोकही बीकन (बर्फाखाली अडकलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेऊन, ते वापरायचा सराव करून आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचूनच जातात. हे तिन्ही नसलेला गाइड होकार देत असेल तर त्याच्या होकाराला किंमत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले होते. आणि हे कुटुंब घरी परतल्यानंतर, २२ फेब्रुवारी २०२४ ला, त्याच डोंगरावर एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्या गटासोबत स्थानिक माणूस नव्हता, असं बातम्यांत आलं.

मामा ऐकणारा निघाला. दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्या टप्प्याने कोंगदूरीला गेले. तिकिटं आधी ऑनलाइन काढलेली होती, तरी रांगेत बराच वेळ गेलाच. वर मामाला शिक्षकाने एका सौम्य उतारावर तास-दीड तास फिरवलं आणि त्या तासाभरात त्याला उमगलं की आपली पातळी नेमकी कुठे आहे. आईचं डोकं उंचीमुळे दुखू लागलं, ती पाणी पिऊन लगेच खाली आली. तेही बरोबरच केलं.

गुडघा

आता बाबांची गोष्ट. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या उजव्या घोट्याला बूट घासत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी परस्पर दुसऱ्या एका दुकानात जाऊन बूट आणि स्की दोन्ही बदलून घेतले. बूट छान बसला. बाइंडिंग नव्या बुटाच्या लांबीला सरकवून दिलं गेलं, पण सुटण्याचा आकडा आधीच्या गिऱ्हाइकाचा होता तोच राहिला. तो कुणीतरी वजनदार आणि सराईत असणार, कारण आकडा बाबांसाठी बराच चढा होता.

सहाव्या सकाळी अगदी कमी वेगात, ब्रेक लावताना त्यांच्या स्कीची टोकं एकमेकांवर चढली. ते पडले आणि उजवी स्की सुटली नाही. पाय तिथेच अडकला, अंग वळलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला गेला. नवशिक्यांची ही अगदी नेहमीची दुखापत, आणि ती जोरात आपटल्यावर होते असं मुळीच नाही. सावकाश पडताना बाइंडिंग उघडत नाही, तेव्हाच बऱ्याचदा होते.

शिक्षकाने बाबांना उभं राहू दिलं नाही. स्की काढल्या, बूट पायातच ठेवला, स्लेजवाल्याला हाक मारली आणि रस्त्यापर्यंत आणलं. साखळ्यांच्या गाडीने टंगमर्गच्या सरकारी रुग्णालयात नेलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पट्टा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी श्रीनगरला अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून ताण किरकोळ असल्याचं सांगितलं: काही आठवडे पट्टा, मग व्यायाम, शस्त्रक्रिया नाही. बाबा सुदैवी.

या अपघाताचा दोष मी दुकानाच्या गाफीलपणाला देईन. ज्याने बाइंडिंग सरकवलं त्याला आकडाही बघता आला असता. पण स्वस्त रिसॉर्टमध्ये हा गाफीलपणा धरूनच चालावं लागतं. म्हणून नियम साधा: बूट, स्की किंवा दुकान, काहीही बदललं की बाइंडिंग पुन्हा तुमच्यासमोर लावून घ्यायचं आणि आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

हिशेब

घरी गेल्यावर आईने खर्च मांडला. विमान आणि मुक्काम हे सर्वांत मोठे आकडे, तारीख बदलण्याचा दंड त्यातच. स्कीचं भाडं अपेक्षेपेक्षा कमी, शिक्षक अपेक्षेपेक्षा जास्त, कारण दोन झाले. गंडोलावर एकाच दिवसाचा खर्च. रुग्णालयाचं बिल अगदी किरकोळ. प्रवास विम्यातून तेही मिळालं नाही, कारण पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत साहसी खेळांमध्ये स्कीइंग स्पष्ट लिहिलेलं होतं. सोबत घेता येणारं जादा कलम थोड्याच पैशांत मिळत होतं, एजंटाने ते सुचवलं नव्हतं. पाय मोडला असता आणि विशेष व्यवस्थेने घरी आणावं लागलं असतं तर आठवडाभराची सगळी बचत एका दिवसात गेली असती, म्हणून हे कलम मी बुटांइतकंच महत्त्वाचं मानते.

पुढच्या वेळेसाठी त्यांनी काय बदललं, तेही आईकडून कळलं. आठवड्याऐवजी नऊ दिवस, त्यातले दोन मोकळे, बर्फ नसला किंवा रस्ता बंद असला तर म्हणून राखून. महिना फेब्रुवारीचा. हॉटेल तेच, कारण तारीख बदलताना ज्याने पैसे मागितले नाहीत त्याच्याकडे पुन्हा जावं असं बाबांचं म्हणणं. लेकीला पहिल्या दिवसापासून वेगळा शिक्षक. आई स्वतःचे बूट विकत घेणार आहे; स्की नाही, फक्त बूट. मामाने संस्थेच्या निवासी वर्गासाठी अर्ज केला आहे आणि दुसऱ्या टप्प्याबद्दल तो वर्ग संपल्यावर तिथल्या प्रशिक्षकालाच विचारणार आहे.